कासवासाठी कापलेलं जाळं आणि त्याची फाईल

जाळ्यात कासव आलं आणि जाळं कापून त्याला सोडलं तर सरकार पैसे देतं, हे आमच्या बंदरावर निम्म्या लोकांना माहीतच नाही आणि ज्यांना माहितीय त्यातल्या निम्म्यांना ते खोटं वाटतं. मी या सगळ्यातून गेलोय, पैसे मिळालेत, पूर्ण नाही पण मिळालेत, आणि आता कोणाच्याही जाळ्यात काही आलं की फोन मला येतो, म्हणून म्हंटलं एकदाच सगळं लिहून काढतो, कोणी विचारलं की हेच पाठवेन.

आधी योजना काय ती सांगतो. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की कायद्याने संरक्षण असलेला समुद्री प्राणी चुकून जाळ्यात आला आणि मच्छीमाराने स्वतःहून जाळं कापून त्याला जिवंत सोडलं तर फाटलेल्या जाळ्याची भरपाई द्यायची, जास्तीत जास्त २५,००० रुपये. मत्स्यव्यवसाय खातं आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष, दोघांचं मिळून आहे ते. कासवं आली, डॉल्फिन आले, व्हेल शार्क आला, म्हणजे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीतले जे आहेत ते. भरपाई फक्त जाळ्याची. त्या दिवशी जी मासळी हातची गेली तिचे पैसे नाहीत, डिझेल-बर्फाचे नाहीत. हे सुरुवातीलाच डोक्यात ठेवा म्हणजे नंतर चिडचिड कमी होते, आमची झाली होती.

आमची बोट काकांच्या नावावर आहे. रत्नागिरीच्या उत्तरेकडचं बंदर, गिलनेटवाले आम्ही (पाण्यात पडद्यासारखं जाळं सोडून ठेवणारे), ट्रॉलर (बोटीमागून पिशवीसारखं जाळं ओढणारे) नाही. काकांचा मुलगा मुंबईला नोकरीला, त्यामुळे समुद्रावर जाणं आणि कागदं सांभाळणं अशी दोन्ही कामं माझ्याकडे, खरं तर दुसरं काम जास्त. आयटीआय केलेल्या पुतण्याला घरात कॉम्प्युटर इंजिनिअरच समजतात, लायसन्स नूतनीकरण म्हणू नका, डिझेलचा कोटा म्हणू नका, सगळं मीच. आमच्या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत येतातच, वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर माद्या अंडी घालायला चढतात, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरपासून पुढे तीन-चार महिने किनाऱ्याजवळच्या पाण्यात त्यांची ये-जा असते आणि नेमका तोच आमच्या सुरमई-हलव्याचा सीझन. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून अंडी राखायचं काम सुरू केलं आणि आता तिथे कासव महोत्सव होतो, पुण्या-मुंबईची माणसं पहाटे उठून पिल्लं समुद्रात जाताना बघतात, आमच्या मावसबहिणीच्या घरी त्या दिवसांत पाहुण्यांना झोपायला जागा पुरत नाही. म्हणजे वाळूत असलेलं कासव गावाला पैसा देतं आणि तेच कासव चार मैल आत आलं की जाळं फाडतं. आमच्या घरात दोन्ही बाजूंची माणसं आहेत, लग्नकार्यात यावरून वाद होतात.

जाळ्यात कासव येणं आमच्याकडे नवीन नाही. जुनी माणसं कासवाला देवच मानतात, शंकराच्या देवळात नंदीच्या पुढे कासव असतंच ना. त्यामुळे आमच्याकडे मारायचा प्रश्न नव्हता, सोडून द्यायचे, पण गुपचूप. किनाऱ्यावर येऊन कोणी कोणाला सांगायचं नाही. कारण एकच, वनखात्याची भीती. ‘शेड्यूल १’ म्हणजे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या यादीतला प्राणी, तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद, एवढं सगळ्यांच्या कानावर पडलेलं, आणि चुकून आलेल्या प्राण्याला जिवंत सोडणारा माणूस गुन्हेगार नसतो हे मात्र कोणी येऊन नीट सांगितलेलं नाही. आता कागदावर योजना आली आणि म्हणते व्हिडिओ काढा. आमचे तांडेलमामा (तांडेल म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा प्रमुख) म्हणाले होते, म्हणजे कासव आपल्या बोटीवर होतं याचा पुरावा आपणच बनवायचा आणि आपणच नेऊन द्यायचा? त्यांचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. ज्याने आयुष्यभर सरकारी माणूस फक्त दंडाच्या पावतीसोबत बघितलाय तो असंच बोलणार.

तर जानेवारीतली गोष्ट. रात्री जाळं सोडलेलं, पहाटे ओढायला घेतलं, पहिल्या भागात मासळी बरी होती, मग जाळं जड यायला लागलं. खलाशी म्हणाला मोठा मासा आहे. वर आलं तर कासव, पुढचे दोन्ही वल्ह्यासारखे पाय आणि मान जाळ्यात गुंडाळलेली, वजन चाळीस किलोच्या आसपास असेल. जिवंत होतं, पण थकलेलं. कासव पाण्यात राहतं तरी त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं, रात्रभर जाळ्यात अडकलं तर बुडून मरतं, हे बऱ्याच शहरातल्या लोकांना खरंच वाटत नाही.

योजनेचं मला माहीत होतं कारण आमच्या भागातल्या सागरमित्राने (केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत किनाऱ्यावरच्या गावांत नेमलेली मुलं असतात ही) मच्छीमार सोसायटीत एकदा पत्रक दाखवलेलं. मी मोबाईल काढला. तांडेलमामा ओरडले, आधी कापायला ये, शूटिंग कसलं करतोस. शेवटी आमच्यातल्या नेपाळी खलाशाकडे मोबाईल दिला, तो पोरगा रील्स बनवतो त्यामुळे हात स्थिर. मोबाईलला रेंज नव्हती पण जीपीएस चालतं, मी फोटोवर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश छापणारं अॅप आधीच टाकून ठेवलेलं, ते या कामासाठी नव्हतं, खडकात जाळं अडकतं ती ठिकाणं लक्षात ठेवायला होतं. पण उपयोगी तेच पडलं.

कापताना काय करायचं ते नीट सांगतो कारण इथे लोक घाई करतात. पाय धरून ओढायचं नाही, सांधा निखळतो. कवचाला पुढून मानेच्या मागे आणि मागून शेपटीच्या वर धरायचं, दोन माणसं लागतात. चाकूची धार बाहेरच्या बाजूला ठेवून आधी मानेजवळचा दोरा, मग पायांचे. आणि जाळ्याचा एकही तुकडा अंगावर राहू द्यायचा नाही, कारण तो पायात रुतत जातो आणि पाय सडतो, पाय गेलेली कासवं किनाऱ्यावर लागतात ती बहुतेक अशीच, डहाणूला अशा जखमी कासवांवर उपचार करायचं केंद्र आहे, तिथले फोटो बघितले तर कळेल. आमचं कासव सोडवल्यावर ढिम्म पडून राहिलं. अशा वेळी मेलं म्हणून किंवा सुटलं म्हणून लगेच पाण्यात ढकलायचं नाही. पोटावर ठेवायचं, मागची बाजू एखाद्या फळीवर थोडी उंच करायची म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरतं, ओलं फडकं कवचावर टाकायचं, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या, आणि थांबायचं. काही वेळा तासन्‌तास लागतात म्हणे. आमच्याकडे उन्हं वर येईपर्यंत थांबलो, बाकीचं जाळं ओढून झालं, मग त्याने मान वर काढून जोरात श्वास सोडला, तांडेलमामा दचकून मागे सरकले आणि सगळे हसले. मग इंजिन न्यूट्रलला टाकून बाजूने सोडलं. पंख्याजवळ सोडू नका एवढं लक्षात ठेवा.

अजून एक, पुढच्या पायावर धातूचा छोटा बिल्ला आहे का बघा. असेल तर नंबराचा जवळून फोटो काढा आणि बिल्ला काढू नका. ओडिशाला २०२१ मध्ये बिल्ला लावलेली ०३२३३ नंबरची मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, म्हणजे अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून आली, आणि हे कळलं ते फक्त कोणीतरी नंबर वाचला म्हणून. आमच्याला बिल्ला नव्हता.

आता किनाऱ्यावर आलो. इथून खरी गंमत.

पहिला प्रश्न जाळ्याचा. कापल्यामुळे मोठं भगदाड पडलेलं आणि कासवाने तडफडून आजूबाजूचंही ओढून फाडलेलं. आमच्या घरात जाळं फाटलं की संध्याकाळी अंगणात बसून सांधायला घेतात, दुसऱ्या दिवशी बोट जायची असते ना. पण सागरमित्र फोनवर म्हणाला सांधू नका, मत्स्यव्यवसाय खात्याचे साहेब येऊन बघतील, तोपर्यंत तसंच ठेवा. म्हणजे कामाचं जाळं ओसरीवर पसरून ठेवायचं आणि सीझनमध्ये कमी जाळं घेऊन जायचं. काका भडकले. म्हणाले, यांच्या पंचवीस हजारासाठी मी माझी सुरमई सोडू? शेवटी फाटलेला भाग वेगळा करून ठेवला, त्याच्या जागी जुन्या जाळ्याचा तुकडा जोडला आणि बोट पाठवली. हे करता येतं की नाही हे मी आधी विचारून घेतलेलं, तुम्हीही विचारा, तोंडी नको, व्हॉट्सअॅपवर विचारा म्हणजे उत्तर राहतं.

मग कागदं. आमच्याकडे मागितलेली सांगतो: बोटीचं नोंदणी प्रमाणपत्र, चालू वर्षाचं मासेमारी लायसन्स, काकांचं आधार आणि पासबुक, बोटीवर कोण कोण होतं त्यांची नावं आणि ओळखपत्रं, फोटो छापून आणि व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये, फाटलेल्या जाळ्याचे फोटो, जाळं घेतल्याचं बिल, सोसायटीचं पत्र, आणि काय घडलं त्याचा साध्या कागदावर सहीसकट अर्ज. यातलं बिल हे सगळ्यात अवघड. जाळं कोण बिलावर घेतं? जाळं किलोवर येतं, घरातल्या आणि शेजारच्या बायका ते भरतात (म्हणजे जोडून तयार करतात), फ्लोट एकीकडून, शिसं दुसरीकडून, दोर तिसरीकडून, आणि दर सीझनला थोडं जुनं काढून थोडं नवीन घालतात. तुमचं जाळं किती वर्षांचं, असा फॉर्मचा प्रश्न होता. काकांनी खरं उत्तर दिलं, म्हणाले वरचा दोर माझ्या वडिलांच्या वेळचा असेल आणि मधलं यंदाचं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. शेवटी ज्या दुकानातून यंदाचा नायलॉन घेतलेला त्याच्याकडून पावती बनवून आणली आणि बाकीच्याला सोसायटीने अंदाज लिहून दिला.

लायसन्सचं बरं झालं की आमचं चालू होतं. हे वाटतं तेवढं साधं नाही. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, त्याच काळात सगळ्यांची कागदं करायची गर्दी, आणि सरकारने २०२१ मध्ये १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात सुधारणा करून दंड एवढे वाढवलेत (एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून मासेमारी केली तर ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत) की कागद नसताना कुठल्या ऑफिसची पायरी चढायची हिंमतच होत नाही माणसाची. आधी ही प्रकरणं तहसीलदारांकडे जायची, आता मत्स्यव्यवसायवालेच निकाल देतात. म्हणजे ज्या खात्याचा माणूस उद्या तुम्हाला दंड लावू शकतो त्याच खात्याच्या माणसाकडे आज तुम्ही कासवाचा व्हिडिओ घेऊन जायचंय. दंड हवाच, एलईडीवाल्यांना तर हवाच हवा, त्यांनी आमचा समुद्र धुऊन नेलाय. पण छोट्या बोटवाल्याला दोन्ही गोष्टींसाठी एकच खिडकी असली की तो एकाही गोष्टीसाठी जात नाही, एवढंच माझं म्हणणं.

माझ्या व्हिडिओत ठिकाण दिसत होतं त्यावरून पण प्रश्न आले. कुठे होतात, किती वाव (वाव म्हणजे खोलीचं माप) पाण्यात, किनाऱ्यापासून किती. आम्ही गिलनेटवाले, आमचा अडचणीचा विषय नव्हता, पण ट्रॉलरला ठराविक वावाच्या आत ओढायला बंदी आहे, आणि कासवं नेमकी तिथेच जास्त, किनाऱ्याजवळ. मग सांगा, आत घुसून ओढणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात कासव आलं तर तो व्हिडिओ काढेल? तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश छापून? म्हणून या योजनेत नोंदलेली जी कासवं आहेत ती कायद्यात राहून मासे मारणाऱ्यांच्या जाळ्यातली आहेत, बाकीची कुठे जातात ते दर्यालाच माहीत. कधीकधी मेलेली किनाऱ्याला लागतात तेव्हा पेपरला बातमी येते आणि खाली कमेंटमध्ये सगळ्या मच्छीमारांना शिव्या.

ट्रॉलरवाल्यांसाठी दुसरा उपाय आहे, टेड म्हणतात त्याला, जाळ्याच्या शेवटच्या पिशवीच्या आधी लोखंडी सळ्यांची जाळी बसवतात, कोळंबी सळ्यांमधून मागे जाते आणि कासव वरच्या किंवा खालच्या फटीतून बाहेर पडतं. कोचीच्या सीआयएफटी या केंद्रीय संस्थेने आपल्याकडच्या जाळ्यांना जुळेल असं बनवलंय. त्यामागे कासवप्रेम थोडं आणि अमेरिका जास्त, कारण टेड नाही म्हणून अमेरिकेने भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलंय, तळ्यातली पाळलेली घेतात. आमचा एक नातेवाईक ट्रॉलरवर तांडेल आहे, तो म्हणतो टेड लावलं की कासवासोबत मोठा मासापण निघून जातो, म्हणून प्रात्यक्षिकाला लावतात आणि आत गेल्यावर काढून ठेवतात. गिलनेटला असलं काही बसवताच येत नाही, आमच्याकडे चाकू एवढाच टेड.

असो. पाहणीला साहेब आले ते चांगले निघाले, खरं सांगायला पाहिजे. जाळं मोजलं, फोटो काढले, काकांना विचारलं कासव गेलं का नीट, आणि चहा घेऊन गेले. तिथपर्यंत मला वाटलं आता झालंच. फाईल पुढे गेली आणि थांबली. कुठे थांबली, कोणाच्या टेबलावर, ते मी लिहीत नाही, लिहून उपयोग पण नाही. फोन केला की साहेब मीटिंगला, गेलो की प्रस्ताव वर पाठवलाय, वर विचारलं तर खालून एक कागद कमी आलाय. कमी कागद म्हणजे काय तर व्हिडिओत बोटीचा नंबर दिसत नाही. अहो, जो माणूस बोटीत उभा राहून शूटिंग करतोय त्याला बोटीच्या बाहेर रंगवलेला नंबर कसा दिसणार? पण त्यांचंही एका अर्थी बरोबर, उद्या एकच व्हिडिओ पाच बोटींच्या नावावर येईल, तसले हुशार लोक आपल्यात पण आहेत. आमच्या नशिबाने रील्सवाल्या पोराने कासव सोडताना बाहेर वाकून शेवटचा भाग काढलेला, त्यात नंबराचे शेवटचे आकडे अर्धे का होईना दिसत होते. त्यावर भागलं. म्हणून माझा सल्ला, केबिनच्या आतल्या बाजूलाही बोटीचा नंबर मोठा रंगवून घ्या आणि व्हिडिओ सुरू करताना आधी तो दाखवा, मग कासव जाळ्यात अडकलेलं, मग कापताना, मग पाण्यात जाताना. मध्ये तोडू नका. आणि तोंडाने तारीख, वेळ, बोटीचं नाव बोला, लाज वाटते पण बोला.

मग बँक. ती गंमत वेगळीच. काकांचं खातं ज्या बँकेत होतं ती दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, पासबुकावर जुना आयएफएससी कोड, पैसे मंजूर झाले आणि ट्रान्सफर परत आलं. हे आम्हाला कोणी कळवलं नाही, मीच सहज विचारायला गेलो तेव्हा कळलं. मग नवीन पासबुक, आधार लिंक, काकांना बँकेत घेऊन जाणं, आणि काका समुद्रावर नसतील तो दिवस म्हणजे बँकेला सुट्टीचा. तुमच्याकडे जुनं पासबुक असेल तर आजच बदलून घ्या, कासव येण्याची वाट बघू नका.

पैसे शेवटी आले ते बंदी सुरू व्हायच्या सुमाराला. आमचा अंदाज अठरा हजारांच्या आसपासचा होता, मिळाले बाराच्या थोडे वर. कारण मोजलं ते फक्त फाटलेलं नायलॉन, तेही वापरून जुनं झालंय म्हणून कमी करून. फ्लोट आणि शिशाचे मणी जे कापताना दोरासकट गेले ते नाही धरले, भरायची मजुरी पण नाही. आमच्याकडे जाळं भरायचं काम काकू आणि शेजारच्या दोघी करतात, त्यांच्या कामाला सरकारी कागदावर रकाना नाही. काकू म्हणाली, कासवाला सोडलंत ते पुण्य तुमचं, सांधायचं काम मात्र माझं. यावर कोणी काही बोललं नाही.

आणि वाटणीचा प्रश्न निघाला, हा मला आधी सुचलाच नव्हता. आमच्याकडे खलाशांना हिश्शाने मिळतं, खर्च काढून जे उरेल त्यातून. त्या दिवशी जाळं अर्ध्यात कापलं, उरलेला वेळ कासवाकडे गेला, सगळ्यांचाच हिस्सा कमी झाला. पैसे मात्र जाळ्याचे म्हणून आले, मालकाच्या खात्यात, आणि कायद्याने ते मालकाचेच. तांडेलमामा काही बोलले नाहीत पण त्यांचं गप्प राहणं ओळखू येतं. काकांनी त्यातून थोडे काढून सगळ्यांना दिले आणि शूटिंगवाल्या पोराला वेगळे. सगळेच मालक असं करतील असं नाही. आणि नाही केलं तर पुढच्या वेळी खलाशी म्हणणार, मालकाच्या पैशासाठी मी कशाला माझा वेळ घालवू, टाक पाण्यात. योजना बनवणाऱ्यांनी बोटीवर किती माणसं असतात हे धरलेलंच नाही, मोजलंय फक्त जाळं. माझ्या मते पाच-दहा टक्के रक्कम त्या दिवशीच्या बोटीवरच्या माणसांना थेट खात्यात दिली तर नुसत्या जाळ्याची रक्कम वाढवण्यापेक्षा ते जास्त कामाला येईल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं, चेअरमन म्हणाले आधी डिझेलच्या परताव्याचे पैसे येऊ देत मग कासवाचं बघू. त्यांचंही खरं.

तरी पण एक फरक पडलाय आणि तो मी माझ्या डोळ्यांनी बघतोय. आमच्या बंदरावर आता कासव आलं की लोक बोलतात. पूर्वी कोणी सांगायचं नाही, आता ग्रुपवर व्हिडिओ येतो, त्यात अर्धे जण अर्ज करणार नाहीत कारण तेवढ्या खेपा मारायला वेळ नाही, पण लपवत नाहीत. मागे एका बोटीला व्हेल शार्क लागला, केवढा तर बोटीच्या निम्मा, अख्खं जाळं गेलं, त्यांनी अर्ज केला आणि त्यांना पूर्ण पंचवीसच्या जवळ मिळाले, पण त्यांचं नुकसान त्याच्या दुपटीवर होतं. २५,००० ची मर्यादा २०१८ ची आहे, तेव्हापासून नायलॉन कुठल्या कुठे गेलं. ही मर्यादा वाढवायला पाहिजे यावर ट्रॉलरवाले, गिलनेटवाले आणि वेळासच्या होमस्टेवाल्यांचं एकमत आहे, आणि या तिघांचं दुसऱ्या कशावर एकमत झालेलं मी तरी बघितलेलं नाही.

अर्ज करणाऱ्यांनी अजून दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. किनाऱ्याला लागल्या लागल्या कळवा, त्याच दिवशी, नंतर गेलात तर जाळं खडकात फाटलं का कासवाने हा वाद होतो. अर्जाची दुसरी प्रत करून त्यावर आवक शिक्का मारून घ्या, शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. मूळ व्हिडिओ मोबाईलमधून उडवू नका, व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या व्हिडिओतून ठिकाणाची माहिती निघून जाते, फोटोवर छापलेली तेवढी राहते. आणि प्राणी मेलेला निघाला तरी कळवा, त्याचे पैसे मिळत नाहीत पण नोंद होते.

परवा पलीकडच्या गावातल्या एका ट्रॉलरवाल्याने मला व्हिडिओ पाठवला, मोठं कासव, त्याच्या पोरांनी छान सोडलंय, जाळ्याची पिशवी पूर्ण कापलीय. विचारत होता की ठिकाण कापून अर्ज चालेल का. मी म्हंटलं चालणार नाही. मग म्हणाला बघतो. मी त्याला एवढंच सांगितलं की पैसे नको असतील तर नुसतं सागरमित्राला तोंडी सांग, कासव कुठे होतं आणि जिवंत गेलं, नाव नको देऊस. तसं सांगायला काही फॉर्म नाहीये सध्या, पण आमचा सागरमित्र वहीत लिहून ठेवतो.